रांगेत बाया का नाहीत?



मागच्या बैठकीत मी सांगितलं, की दर गुरुवारी रात्री मी चर्चच्या स्वयंसेवकांबरोबर स्टेशनबाहेरच्या बेघर माणसांकडे जाते, तेव्हा दोघीतिघींच्या भुवया वर गेल्या. एकीने तर सरळच विचारलं, "दानधर्माच्या कामात तू कशाला? आपण हक्काची भाषा बोलणाऱ्या." प्रश्न रास्त आहे. मलाही तो पडला होता. एम. एस. डब्ल्यू. करताना आम्हाला फळ्यावर तीन रकाने आखून शिकवलं होतं : दया, कल्याण आणि हक्क. आपण अर्थातच तिसऱ्या रकान्यातल्या. पण गेलं दीड वर्ष ज्या बायांच्या शेजारी फुटपाथवर बसले, त्यातल्या एकीलाही या तिसऱ्या रकान्यातलं कुणी कधी भेटलेलं नव्हतं. पहिल्या रकान्यातले दर आठवड्याला येत होते. त्याबद्दल आपण बोलायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

ठिकाण पश्चिम रेल्वेवरचं एक उपनगर. तिथल्या चर्चमध्ये इंग्रजी, कोकणी आणि मराठी अशा वेगवेगळ्या मिस्सा होतात आणि एरवी त्या त्या मिस्सेची माणसं आपापल्यातच असतात. या कामात मात्र वसईकडून येऊन राहिलेल्या बाया, मंगळूरच्या, गोव्याच्या, एक तमिळ कुटुंब, असे सगळे एकत्र येतात. सुरुवात झाली ती संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या स्थानिक गटातून. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी-मित्रांनी स्थापन केली. गरिबांच्या घरी स्वतः जाऊन त्यांना भेटायचं, ही तिची मूळ पद्धत. या तरुणांना गरीब वस्तीत कसं जायचं, कसं बोलायचं, हे दाखवलं ते रोझाली रेंद्यू नावाच्या एका सिस्टरने. नाव मात्र ओझानामचं जास्त राहिलं. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा टेम्पो उभा होता आणि ऐंशीएक पाकिटं पुलाव होता. रांग लागली. पंधरा मिनिटांत पाकिटं संपली, टेम्पो निघाला. परतताना आमच्यातल्या एक निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "यात बाया किती होत्या गं?" आम्ही आठवायला लागलो. चार, फार तर पाच. त्यासुद्धा म्हाताऱ्या.

पुढच्या गुरुवारी त्या टेम्पोबरोबर थांबल्याच नाहीत, पुलाखालून चालत सुटल्या. मीही त्यांच्यामागे गेले. बाया होत्या. बंद दुकानांच्या शटरला पाठ लावून, एटीएमच्या उजेडात, तिकीट खिडकीच्या जवळ, पोलीस चौकी दिसेल अशा जागी. दोघीतिघी मिळून बसलेल्या. एकीने लहान पोराचा हात ओढणीने स्वतःच्या मनगटाला बांधलेला. त्या रांगेत का येत नाहीत हे हळूहळू कळत गेलं. रांगेत धक्के बसतात, हात लागतात. आपण उठून गेलो की जागा जाते, गाठोडं जातं. कुठली बाई एकटी आहे हे रांगेत सगळ्यांना दिसतं. आणि रात्री दहा वाजता पोटभर जेवलं, पाणी प्यालं, तर मग जायचं कुठे? पैसे देऊन वापरायचं शौचालय रात्री बंद होतं. पुष्कळजणी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. रात्र जागून काढायची आणि दिवसा बागेत किंवा फलाटावर डुलकी घ्यायची, हा त्यांचा दिनक्रम. दिवसा झोपलेली बाई दिसली की येणारे-जाणारे तिला आळशी म्हणतात.

हे सगळं चर्चच्या बायांनी शोधून काढलं. कुठल्याही सर्वेक्षणाशिवाय, दर आठवड्याला त्याच चेहऱ्यांनी त्याच जागी जाऊन. मग त्यांनी पद्धत बदलली. आता पाकिटं आधी बायांच्या जागेवर पोचतात, टेम्पो नंतर लागतो. पुरुष स्वयंसेवकांनी पहिल्यांदा कुरकुर केली, रांगेची शिस्त बिघडेल म्हणून. शिस्त बिघडली नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो ऐंशी पाकिटांचा पुलाव सात-आठ घरांतल्या बाया आपापल्या स्वयंपाकघरात रांधतात. नोकरीवरून येऊन, घरच्यांना वाढून, मग. टेम्पो चालवणारे पुरुष, हिशेब ठेवणारे पुरुष, नाताळच्या कार्यक्रमात माईकवर अहवाल वाचणारेही पुरुष. मी एकदा विचारलं तर त्या हसल्या, "आम्ही देवासाठी करतो." ठीक आहे. पण देवासाठी रांधणाऱ्या बाईला कमिटीत जागा का नाही, हे विचारायला श्रद्धा आड येत नाही.

दुसरी गोष्ट फोटोची, आणि ती लिहिणं मला अवघड जातं आहे. पूर्वी वाटपाचे फोटो काढून चर्चच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायची पद्धत होती. दिलेल्या पैशांचं काय झालं हे लोकांना कळावं, हा त्यामागचा साधा हेतू. एका फोटोत पस्तिशीची एक बाई होती, दोन मुलींची आई. तिचा नवरा तिला शोधत होता, हे ती मला सांगून चुकली होती. त्या रात्री फोटो निघाला तेव्हा मी तिथेच होते. 'आता काय हरकत घ्यायची' म्हणून गप्प बसले. फोटो या गटातून त्या गटात गेला. तीन आठवड्यांनी ती तिच्या जागेवर नव्हती. शेजारची म्हातारी म्हणाली, घरचा माणूस आला होता, ती मागच्या गल्लीतून पोरींना घेऊन गेली. कुठे, ते आजपर्यंत कळलेलं नाही. तेव्हापासून फोटो बंद झाले. पण हक्कांच्या रकान्यातली तिथे मीच होते, आणि बोलायला हवं होतं ते मी.

ती बाई घराबाहेर का आली असेल, हे आपल्याला सांगायला नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. आपण त्या कायद्याची शिबिरं घेतो. पण हा हक्क मागायला बाईला आपल्या केंद्रापर्यंत यावं लागतं. आपलं केंद्र अकरा ते पाच उघडं, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर, आणि नोंदवहीतला दुसराच रकाना 'पत्ता'. गेल्या दोन वर्षांची नोंदवही मी मुद्दाम चाळली. फुटपाथवरून आलेल्या बाया बोटांवर मोजण्याइतक्यासुद्धा नाहीत. निवारागृहाकडे पाठवावं तर एकीचा मुलगा मोठा म्हणून नकार, दुसरी स्वतःशी बोलते म्हणून नकार.

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले. मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. अंधारात लपून बसणाऱ्या बाया त्यात किती आल्या असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा, हा शहरी बेघरांसाठीचा निकष सर्वोच्च न्यायालयातल्या अन्नहक्काच्या खटल्यातून २०१० मध्ये पुढे आला आणि २०१३ च्या केंद्रीय योजनेत घेतला गेला. त्या हिशेबाने मुंबईत सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही. उलट १९५९ चा भीक-प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आहेच. पोटापाण्याचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणं, एवढ्यावरही माणूस त्यात भिकारी ठरू शकतो. दिल्लीपुरती या कायद्याची बरीच कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली.

अशा वेळी ऐंशी पाकिटांनी काय होणार, असं म्हणणं सोपं आहे. मीही म्हणत असे. आता म्हणते, की पाकिटामुळे जी ओळख झाली तिचं आपण काय करणार? मतदारयादीचंच बघा. बेघर माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवायला पत्त्याचा कागद लागत नाही. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे त्या भागाच्या बी. एल. ओ. ने एकापेक्षा जास्त रात्री जाऊन ती व्यक्ती सांगितलेल्या जागी खरोखर झोपते का, हे पाहायचं असतं. अमकी बाई अमक्या खांबापाशी झोपते, हे नावानिशी कुणाला ठाऊक आहे? आपल्या कार्यालयाला नाही. त्या नर्सबाईंना आहे. आमच्या गटाने पाच बायांचे अर्ज भरले आहेत. अर्जातली कलमं समजावून सांगायला मी, रात्री सोबत उभ्या राहायला त्या. हे काम आम्हा दोघींपैकी एकटीच्याने झालं नसतं.

धर्माचा मुद्दा टाळून चालणार नाही. पुलाखाली जाणारे-येणारे हल्ली थांबून विचारतात, "धर्मांतर करता का?" हा संशय नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन सुरू केलं, आणि मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या वादातून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, मुलीही काढून नेल्या गेल्या. तरी तीन-चार वर्षांनी दुष्काळ पडला, तेव्हा मध्य प्रांतातल्या निराधार बाया-मुलींना जाऊन आणलं ते रमाबाईंनीच. त्या इतिहासाचा आपल्याला अभिमानही आहे आणि अवघडलेपणही. माझं मत असं, की जेवणाआधी प्रार्थनेची अट घालणारी मदत मला मान्य नाही, मग ती चर्चची असो, मठाची असो की पक्षाची. आमच्या गटात ही अट नाही. टेम्पो निघण्याआधी ज्यांना हवं ते चर्चच्या आवारात प्रार्थना करतात, पुलाखाली नाही. सुरुवातीला एका गृहस्थांनी पाकिटात वचनाचं कार्ड घालायचं सुचवलं होतं. बायांनीच नको म्हटलं. "ती भुकेली आहे, नाही म्हणू शकणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या. संमती म्हणजे काय, हे सांगायला मी शिबिरात अख्खा तास घेते!

सध्या वाद चालू आहे तो बाथरूमचा. चर्चच्या हॉलला दोन बाथरूम आहेत. आठवड्यातून दोन दिवस, अकरा ते एक, ती बेघर बायांसाठी उघडी ठेवावीत, कपडे धुऊ द्यावेत, पाळीच्या दिवसांत लागेल ते तिथे ठेवावं, अशी बायांची मागणी. कमिटीचं म्हणणं, हॉल लग्नांना जातो, धर्मशिक्षणाचे वर्ग असतात, घाण होईल. फादरांनी महिनाभर करून बघा म्हटलं. तो महिना झाला. टॉवेल धुवायचं काम पुन्हा बायांच्याच अंगावर आलं, दोनदा नळ चालू राहिला, एकदा वॉचमनने तिघींना फाटकातूनच परत पाठवलं. आणि एक बाई, जी वर्षभर आमच्याशी एक शब्द बोलली नव्हती, ती आंघोळ करून, केस मोकळे सोडून पायरीवर तासभर बसली आणि मग स्वतःहून आपलं गाव सांगितलं.

येत्या रविवारी कमिटीची बैठक आहे. रांधणाऱ्या बायांपैकी तिघी या वेळी आत बसणार आहेत, तसं त्यांनी कळवून टाकलं आहे. हॉलची चावी वॉचमनकडे राहणार की त्यांच्याकडे, हे त्यात ठरेल. आपल्या पुढच्या बैठकीत मला दोन विषय घ्यायचे आहेत : आपलं केंद्र आठवड्यातून एक दिवस रात्री नऊपर्यंत उघडं ठेवायचं का, आणि नोंदवहीतल्या 'पत्ता' या रकान्याचं काय करायचं. ज्यांच्या गावात चर्चचा, गुरुद्वाऱ्याचा, देवळाचा किंवा समाजमंदिराचा हॉल दिवसा रिकामा असतो, त्यांनी तिथे बाथरूम किती आहेत आणि चावी कोणाकडे असते, एवढं बघून यावं.