जुनं जपानी ‘डायव्हर’ घड्याळ घेताय? डायलवरचे ‘१५० मीटर’ आज खरे आहेत का, ते आधी बघा

सध्या इन्स्टाग्राम उघडलं की जुन्या जपानी डायव्हर घड्याळांच्या जाहिराती दिसतात. २०२५ मध्ये सीकोच्या पहिल्या डायव्हर घड्याळाला ६० वर्षं झाली आणि त्या निमित्ताने कंपनीने खास मॉडेल्स आणली. नव्याची किंमत ऐकली की नजर आपोआप जुन्याकडे वळते. माझ्या भोरच्या एका मित्राने अशीच एक लिंक पाठवली: ‘विंटेज, ओरिजिनल, १५० मीटर, फक्त ८ हजार.’ खाली त्याचा प्रश्न, “आपल्या भाटघरच्या पाण्यात चालेल ना रे?”

खरं तर यात दोन प्रश्न आहेत. १५० मीटर म्हणजे नेमकं काय? आणि हे घड्याळ मुळात तेच आहे का, जे ते असल्याचं सांगितलं जातंय?

या घड्याळांची एवढी क्रेझ का?

सीकोचं पहिलं डायव्हर १९६५ चं. त्याला संग्राहक ‘६२मास’ म्हणतात. १९६८ मध्ये हिरोशिमा भागातल्या कुरे इथल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने कंपनीला पत्र लिहिलं, की खूप खोलवर काम करताना ही घड्याळं टिकत नाहीत. कंपनीने सात वर्षं त्यावर काम केलं आणि १९७५ मध्ये टायटॅनियमचं ६०० मीटरचं घड्याळ आणलं. १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ सिनेमात कॅप्टन विलार्डच्या हातात ६१०५-८११० हे मॉडेल होतं, तेव्हापासून त्यालाही मागणी आली.

आपल्याकडे विकायला सगळ्यात जास्त दिसतं ते ६३०९-७०४०, टोपणनाव ‘टर्टल’, म्हणजे कासव. १९७६ ते १९८८ या काळातलं, १५० मीटरचं, ऑटोमॅटिक.

१५० मीटर म्हणजे भाटघरच्या तळापर्यंत?

वेळवंडी नदीवरचं आपलं भाटघर धरण सुमारे ५८ मीटर उंच आहे. म्हणजे धरण काठोकाठ भरलं तरी पाणी त्याहून खोल असणार नाही. कागदावर हिशोब केला तर १५० मीटरचं घड्याळ तळाला जाऊन सहज वर यायला हवं.

पण तो आकडा घड्याळ नवं असतानाचा आहे. पाणी अडवण्याचं काम स्टील करत नाही, ते करतात रबराच्या बारीक रिंगा: मागच्या झाकणाला, काचेखाली आणि चावीपाशी. चाळीस वर्षांत रबर कडक होतं, तडकतं. मध्ये कुणी झाकण उघडलं आणि रिंग न बदलता परत बसवलं, तर तेच घड्याळ बादलीतल्या पाण्यातही वाफ धरेल.

आता दुसरी बाजू ऐका. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लाँग रीफ किनाऱ्यावर सिटिझनचं एक डायव्हर घड्याळ सापडलं. कित्येक वर्षं समुद्रात राहून त्यावर शिंपल्यांसारखे जीव चिकटले होते, तरी ते चालू होतं. रबर धड असेल तर हे शक्य आहे.

अजून एक गोंधळ इथेच दूर करतो. साध्या घड्याळावर ‘वॉटर रेझिस्टंट ५० मीटर’ लिहिलं असेल, तर ते घालून ५० मीटर खोल बुडी मारता येत नाही. फार तर पोहता येतं. ‘डायव्हर्स’ हा शब्द आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६४२५ नुसार लावायचा, तर किमान १०० मीटरची क्षमता लागते आणि घड्याळाची चाचणी लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाखाली होते.

‘मुंबई स्पेशल’ हे काय प्रकरण?

जगभरातल्या घड्याळप्रेमींमध्ये हा शब्द चालतो, आणि कौतुकाने नाही. जुन्या सीकोचं मशीन घ्यायचं, डायल नव्याने रंगवायची, काटे आणि बेझल डुप्लिकेट लावायचे, केस पॉलिश करायची आणि ‘विंटेज ओरिजिनल’ म्हणून ऑनलाइन विकायचं. भारतातून असा माल इतका गेला, की शहराचं नावच त्याला चिकटलं.

माझं मत थोडं वेगळं आहे. जुनी वस्तू फेकून न देता चालती करणं ही आपल्या कारागिरांची कलाच आहे, आणि ज्याला रोज वापरायला घड्याळ हवं त्याला रंगवलेली डायल चालते. प्रॉब्लेम होतो ती लपवल्यावर. त्यात डायव्हर घड्याळावर पैशांबरोबर पाण्याचाही प्रश्न येतो, कारण डुप्लिकेट डायलवर छापलेले १५० मीटर कुणीच कधी तपासलेले नसतात.

फोनवरूनच हे तपासा

• मागच्या झाकणाचा फोटो मागा. ६३०९-७०४० मध्ये पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार केसचे. डायलच्या अगदी खाली बारीक अक्षरांत कोड असतो, त्याचे पहिले चार आकडे सहसा मशीनशी जुळतात. फोटो झूम करून बघा.

• सीरियल नंबर वाचा. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. ‘४२’ने सुरू होत असेल तर फेब्रुवारी १९८४. विक्रेता १९७४ म्हणत असेल तर तिथेच थांबा, तेव्हा हे मॉडेल नव्हतंच.

• रंग बघा. ६३०९-७०४० काळ्या डायलमध्येच आलं. निळी, केशरी किंवा हिरवी डायल दिसली तर ती नंतरची.

• व्हिडिओ मागा. चावी बाहेर ओढल्यावर सेकंदकाटा थांबला तर आतलं मशीन बदललेलं आहे. मूळ ६३०९ मध्ये काटा थांबत नाही.

• टिकटिक मोजा. हे मशीन सेकंदाला ६ ठोके देतं. घड्याळ हातात आल्यावर फोनच्या माइकवर चालणारं टाइमिंग अ‍ॅप लावलं, तर ते किती पुढे-मागे धावतंय ते कळतं.

• अंधारात बघा. चाळीस वर्षांपूर्वीचे ठिपके रात्रभर लख्ख चमकत असतील, तर ते नव्याने भरलेत.

मग घ्यायचं की नाही?

घ्या, पण ‘कोणते पार्ट बदललेत?’ हे चॅटमध्ये लेखी विचारून. उत्तर टाळलं तर सोडून द्या. आधी यूपीआयने पैसे आणि मग कुरिअर, हा सौदा नको. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कॉल करा. दुकानदाराकडून घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दुसऱ्या कंपनीचं नाव परवानगीशिवाय डायलवर छापून विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार गुन्हा आहे.

घड्याळ हाती आलं की पोहायच्या आधी सगळ्या रिंगा बदला आणि प्रेशर टेस्ट करून घ्या. ही मशीन पुण्यातल्या मोठ्या दुरुस्तीवाल्यांकडे मिळेल.

मित्राला मी एवढंच कळवलं: मागच्या झाकणाचा फोटो मागव, मग बोलू. आणि टेस्ट करायला म्हणून बॅकवॉटरमध्ये उतरू नकोस. तिथे काठापासून दोन पावलांवर किती खोल आहे, ते कुठल्याच डायलवर लिहिलेलं नसतं.