मुलं एकामागून एक गायब होतात, तेव्हा तपासाचा धागा कुठे तुटतो?

यवतमाळ जिल्ह्याची हद्द विदर्भ-मराठवाड्यातल्या जिल्ह्यांसोबतच तेलंगणातल्या आदिलाबादलाही लागून आहे. समजा, वणीच्या बसस्थानकावरून एक मूल गायब झालं आणि काही दिवसांनी आदिलाबादमधून दुसरं. दोन पोलीस ठाणी, दोन राज्यं, दोन फाइल्स. यामागे एकच टोळी असेल, तर ते कोणाच्या लक्षात येणार?

कोल्हापूरचं प्रकरण काय सांगतं?

अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांच्यावर 1990 ते 1996 या काळात 13 मुलांच्या अपहरणाचे आणि त्यातल्या 9 मुलांच्या खुनाचे आरोप होते. मुलं वेगवेगळ्या शहरांतून, बहुतेक गरीब घरांतली आणि गर्दीच्या ठिकाणांहून उचललेली. त्या पकडल्या गेल्या, त्या अंजनाबाईच्या पूर्वीच्या नवऱ्याच्या मुलीच्या प्रकरणात. म्हणजे ओळखीतल्या माणसांवर संशय आला, तेव्हा. तोवर सहा वर्षं गेली होती. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघी बहिणींची फाशी कायम केली. 2022 मध्ये मुंबई हायकोर्टाने दयेच्या अर्जावरच्या दिरंगाईमुळे ती जन्मठेपेत बदलली.

आणि निठारी?

नोएडाजवळच्या निठारीत पालक तक्रारी करत होते, पण त्या गांभीर्याने घेतल्या गेल्या नाहीत. डिसेंबर 2006 मध्ये नाल्यात सांगाडे सापडले. 2023 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने तपासावर कडक ताशेरे ओढत आरोपींना निर्दोष सोडलं. सुरुवातीला तक्रार टाळली आणि नंतर पुरावे नीट गोळा केले नाहीत, तर आरोपी सापडूनही न्याय मिळत नाही.

आता नियम काय आहे?

मे 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर आदेश दिला: मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून तपास सुरू करायचा. 'मित्राकडे गेलं असेल, उद्या या' हे उत्तर चालत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

नियम आहेत, पण एका ठाण्याची नोंद शेजारच्या ठाण्यातल्या नोंदीशी कोणीतरी जुळवून पाहावी लागते. कोल्हापूर प्रकरणात सहा वर्षं नेमकं तेच राहून गेलं.