दातांवरचा थर आणि दह्यातले जंतू

पाण्याचे पिंप चार दिवस घासले नाही तर आतून बोटाला बुळबुळीत लागते. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवा, तेच लागेल. तो नुसता मळ नव्हे, जंतूंची वसाहत आहे. जंतू सुटे असतात तोवर त्यांना मारणे सोपे. एकदा दाताला चिकटले की स्वतःभोवती चिकट गिलावा करतात. मग औषध वरवरच्यांना लागते, आतले शाबूत राहतात.

हे प्रथम पाहिले ते कोणा डॉक्टरने नव्हे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहूक याने 1683 साली आपल्याच दातांवरचा थर खरवडून, स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला. आत जीव वळवळत होते! शिरक्याने चूळ भरली तरी थराच्या आतले मरत नाहीत, हेही त्याने लिहून ठेवले. कॉलेजचे तोंड न पाहिलेला माणूस!

दात किडविणाऱ्यांत मुख्य जंतू स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. साखर मिळाली की तो तिचा डिंकासारखा चिकट पदार्थ करतो. मूल रडू नये म्हणून त्याच्या हातात गोळी देतो ते आपणच; आम्हीही त्यातलेच.

दही लावणाऱ्या जंतूंच्या कुळातले काही लॅक्टोबॅसिलस सोबत वाढविले, तर प्रयोगशाळेत म्युटन्सचा थर नीट धरत नाही. लोकलच्या बाकावर आधी बसलेल्या माणसाप्रमाणे ते जागा अडवितात. काही असा द्रव सोडतात की दुसऱ्याला पकडच मिळत नाही. हेलसिंकीच्या पाळणाघरांतील 594 मुलांवर प्रयोग झाला. काहींना सात महिने असे जंतू घातलेले दूध दिले, बाकीच्यांना साधे. 2001 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: जंतूंच्या दुधाने दात किडण्याचा धोका कमी झाला, विशेषतः तीन-चार वर्षांच्या मुलांत.

पण भगिनींनो, तो निवडलेला वाण होता. आपल्या विरजणात तोच असेल असे नाही. शिवाय हे जंतू स्वतःही आम्ल करतात, किडलेल्या दाताच्या खड्ड्यात ते उलट भर घालतात. बिनसाखरेचे ताक-दही मुलांना खुशाल द्या, महागड्या बाटल्यांच्या मागे लागू नका. नवा थर धरण्यात हे जंतू अडथळा आणतील, धरलेला थर ब्रशच काढतो, तोही रात्री झोपण्यापूर्वी फिरवला तर. मशेरीने दात स्वच्छ होतात हा आपल्या आयाबायांचा समज आहे. तंबाखूने हिरड्यांची वाट लागते ती वेगळीच.

थराचे दगडासारखे किटण झाले असेल तर ब्रशही चालत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. मुंबईकरांसाठी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर आहे.