कुंपणावर राखणदार कोण?

'आपली खासगी माहिती आम्ही जपू' असे कंपन्या संगणकावर लिहून देतात. पण ते वचन त्याच लिहितात, त्याच बदलतात. कतारने २०१६ साली कायदा केला, ५० लाख रियालपर्यंत दंडही ठेवला. तरी मे २०२० मध्ये सक्तीच्या झालेल्या 'एहतेराझ' या सरकारी करोना-ॲपमध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडेल असा दोष निघाला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने तो दाखवताच दुरुस्त झाला. म्हणजे दोष दिसला तो बाहेरच्या डोळ्यांना! कुंपणच शेत खाऊ लागले तर राखणदार वेगळाच हवा, असे आम्हांस वाटते. आपल्या मॉरिशसमध्ये २०१७ चा कायदा आहे, तक्रार ऐकणारे आयुक्तही आहेत. बंधुभगिनींनो, माहिती द्या जपून. दगा झाल्यास गप्प बसू नका.