नंतर बघू!

‘नंतर’ या शब्दावर बंदी घातली पाहिजे, असे माझे प्रामाणिक मत आहे. निदान कॉम्प्युटरच्या पडद्यावर तरी तो दिसता कामा नये. बिचारे यंत्र अदबीने विचारते, ‘सुरक्षेसाठी अपडेट आले आहे. आत्ता घेऊ की नंतर?’ मराठी माणसाला असा पर्याय देणे म्हणजे परीक्षेला बसलेल्या पोराला ‘पेपर आज सोडवतोस की पुढच्या वर्षी?’ असे विचारण्यापैकी आहे!

एरवी हाच माणूस किती जागरूक! गावाला जाताना कुलूप तीनदा ओढून पाहील, आणि जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा ओढील. पासबुकात अडीच रुपयांचा फरक निघाला, तर आमच्या काउंटरवर अर्धा तास हुज्जत घालील. पण घरच्या ज्या यंत्रावरून तो लाखालाखाचे व्यवहार करतो, त्यातला अँटिव्हायरस मागच्या दिवाळीतच मुदत संपून गप्प झालेला असतो. विचारले तर म्हणतो, “अहो, कोपऱ्यात चिन्ह दिसतंय की!” दिसणारच. कुत्रा वारला म्हणून फाटकावरची ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी कोणी काढते का?

अँटिव्हायरस म्हणजे सोसायटीचा गुरखा, असे समजा. त्याच्याकडे चोरांच्या फोटोंचा आल्बम असतो. हल्लीचा गुरखा अनोळखी माणसाच्या हालचालींवरही नजर ठेवतो, नाही असे नाही. पण मुख्य भिस्त आल्बमवर. एव्ही-टेस्ट नावाच्या जर्मन संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे रोज साडेचार लाखांहून अधिक नवे उपद्रवी प्रोग्रॅम तिच्या दप्तरी दाखल होतात. आता दिवाळीतला आल्बम घेऊन गुरखा शिमग्याला कोणाला ओळखणार? तो चोराला सलाम ठोकून दार उघडून देईल! कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर यंत्राचा घसारा वर्षाच्या हिशेबाने धरतात, सुरक्षेचा मात्र दिवसाच्या.

पण नुसता गुरखा ठेवून भागत नाही. घराच्या भिंतीलाच भोक असेल तर? विंडोजसारख्या मूळ प्रणालीचे अपडेट म्हणजे त्या भोकाचे ठिगळ. आणि इथेच ‘नंतर’वाल्यांना एक गोष्ट कळत नाही. ठिगळ बाहेर आले, की भोक कुठे होते हे जगजाहीर होते. चोर आळशी नसतात. ते ठिगळ उलटसुलट करून बघतात आणि ज्यांनी ते लावले नाही त्यांची घरे शोधत निघतात. म्हणजे अपडेट आल्यावरचा ‘नंतर’ हा आधीच्या अज्ञानापेक्षा महाग पडतो.

पुरावा हवा? मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाचे ठिगळ १४ मार्च २०१७ रोजी दिले. एप्रिलमध्ये त्या भोकातून शिरण्याचे हत्यार इंटरनेटवर उघड्यावर पडले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ त्याच वाटेने घुसला आणि दीडशे देशांतली दोन लाखांवर यंत्रे त्याने धरली. इंग्लंडमध्ये सरकारी इस्पितळांना हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. मधे तब्बल ५९ दिवस होते! वॉनाक्राय फायलींना कुलूप घालायचा आणि किल्लीचे तीनशे डॉलर मागायचा. तीन दिवसांत दिले नाहीत तर सहाशे. पाहा, चोराच्या धंद्यातसुद्धा ‘नंतर’ला दंड आहे.

यावर ठरलेले उत्तर येते, “माझ्या कॉम्प्युटरात आहे काय चोरायला?” अहो, चोराला तुमच्या नातवाच्या बारशाचे फोटो नकोच असतात. ते तुम्हाला हवे असतात, एवढे त्याला पुरते. शिवाय ‘पासवर्ड’ या नावाच्या फायलीत सगळे पासवर्ड नीट मांडून ठेवलेले असतात, ते वेगळेच. आणि खरोखरच काही नसले, तर तुमच्या ओट्यावर बसून तो शेजाऱ्यावर दगड मारील. बोंब ऐकून लोक येतील ते तुमच्या दारात!

विकणारेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. मुदत संपायला महिना असतानाच लाल अक्षरांत ‘तुम्ही धोक्यात आहात!’ म्हणून ओरडायचे, आणि जवळ जाऊन बघावे तर ‘आजच नूतनीकरण करा, सवलत मिळवा’. जाहिरात आणि इशारा एकाच आवाजात दिला, की लांडगा खरोखर येतो तेव्हा गाव कूस बदलून झोपते. या लोकांना खडसावलेच पाहिजे. पण दूधवाला पाणी घालतो म्हणून कोणी पोराचे दूध तोडत नाही. पैसे द्यायचे नसतील तर विंडोजमध्ये डिफेंडर हा गुरखा फुकट येतो. त्याला फक्त आल्बम घेऊ द्या.

आणि ज्यांच्या घरी अजून विंडोज १० आहे, त्यांनी एक तारीख ध्यानात ठेवावी. त्याचा नेहमीचा ठिगळपुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. ज्या भिंतीला गवंडीच उरला नाही, तिच्यापुढे गुरखा कितीही कडक ठेवला तरी तो किती भोकांवर हात धरणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. अपडेट आपोआप होण्याची सोय आहे, ती चालू ठेवा आणि यंत्राला तुम्ही झोपल्यावर काम करू द्या. एवढे करूनही कंपन्यांना ते बटण ठेवायचेच असेल तर खुशाल ठेवावे. फक्त त्यावर ‘नंतर’ असे न लिहिता ‘चोरांना कळवा’ असे लिहावे.