संपादकीय : छायाचित्र कोणाचे?





बाबासाहेबांच्या चळवळीने छपाईचे प्रत्येक साधन जवळ केले. १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. पुढे जयंतीच्या पत्रिका, दिनदर्शिका, आणि परदेशी गेल्यावर आपल्यासारख्या मंडळांच्या स्मरणिका. आज या मालिकेत विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश येऊन बसला आहे. त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनीच सुरू झाली. रिग्गईच्या सदनिकेत गृहपाठ करणारे आपले मूल चवदार तळ्याविषयी काही शोधू लागले की ते ग्रंथालयात जात नाही. ते याच ज्ञानकोशात जाते. तेथे लेख असतो, पण पुष्कळदा चित्र नसते. कालपर्यंत होते आणि आज नाही, असेही घडते.

चित्र नाहीसे झाले की आपल्या लोकांच्या मनात पहिला विचार येतो तो द्वेषाचा. तसा तो येणे अस्वाभाविक नाही. ज्यांचा इतिहास पिढ्यान् पिढ्या पुसला गेला, त्यांना पुसण्याची प्रत्येक कृती ओळखीची वाटते. ज्ञानकोशाच्या लेखांत खोडसाळ फेरफार होतात, हेही खरे आहे. तथापि चित्रांच्या बाबतीत बहुतेक वेळा कारण निराळे असते, आणि ते समजून न घेता संतापाचे चार शब्द लिहून आपण मोकळे झालो तर चित्र परत येत नाही. म्हणून या वर्षी हा काहीसा रुक्ष विषय संपादकीयासाठी घेतला आहे.

विकिपीडियातील चित्रे बहुतांशी 'विकिमीडिया कॉमन्स' या सामाईक भांडारातून येतात. हे भांडार सप्टेंबर २००४ मध्ये उघडले. त्याची अट एकच, परंतु कठोर आहे. तेथे ठेवलेले चित्र जगातील कोणालाही, कोणत्याही कामासाठी, विक्रीसाठीसुद्धा वापरता आले पाहिजे. 'फक्त विकिपीडियासाठी परवानगी आहे' असे पत्र आणले तरी ते चालत नाही. इंग्रजी विकिपीडियाने दिवंगत व्यक्तीचे एखादे लहान आकाराचे चित्र, कारण नमूद करून, आपल्यापुरते ठेवण्याचा अपवाद केला आहे. २००७ साली विकिमीडिया प्रतिष्ठानने ठरावाने असे अपवाद ठेवण्याची मुभा प्रत्येक प्रकल्पास दिली. कॉमन्सला मात्र ती मुभा नाही. आणि तेथून एखादी संचिका वगळली गेली की एक स्वयंचलित प्रणाली सर्व भाषांतील लेखांतून तिचा दुवा काढून घेते. मराठी, हिंदी, इंग्रजी या तिन्ही लेखांतले चित्र एकाच दिवशी गेलेले दिसते ते यामुळे. त्यामागे कट असण्याची गरज नसते.

मग हे चित्र वगळले का जाते? आपल्या प्रत्येकाच्या घरी असलेली निळ्या सुटातील बाबासाहेबांची तसबीर घ्या. कोणी भ्रमणध्वनीने तिचे छायाचित्र काढतो आणि 'स्वतःचे काम' असे लिहून ते चढवतो. त्याच्या दृष्टीने ते खरेच आहे. कळ त्यानेच दाबली. पण तसबिरीतील चित्र कोणा चित्रकाराने रंगवलेले असते, आणि भारतीय कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्यावरील प्रताधिकार त्याच्या वारसांकडे राहतो. तसबीर विकत घेतल्याने कागद आपला झाला, चित्र झाले नाही. जुन्या छायाचित्रांना संगणकाने रंग भरून फिरवण्याची टूम अलीकडे निघाली आहे, तिने घोटाळ्यात भरच पडते. (त्या रंगांत बाबासाहेबांचा चेहराही पुष्कळदा बाबासाहेबांचा राहत नाही, हा आणखी एक मुद्दा.)

बाबासाहेबांच्या लेखनाचा प्रश्न सोपा होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतरची ६० वर्षे संपून १ जानेवारी २०१७ पासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांसाठी मुक्त झाले. छायाचित्र मात्र ज्याचे काढले त्याचे नसते, काढणाऱ्याचे किंवा काढवून घेणाऱ्याचे असते. १९५७ चा प्रताधिकार कायदा जानेवारी १९५८ मध्ये अमलात आला. त्यापूर्वी काढलेल्या छायाचित्राची मुदत मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षे धरली जाते. त्या हिशेबाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षासोहळ्यात काढलेली छायाचित्रे २००७ च्या आरंभीच भारतात मुक्त झाली.

येथे आपला वाचक म्हणेल, मग अडचण कोठे आहे? अडचण अमेरिकेत आहे. कॉमन्सचे संगणक अमेरिकी कायद्याखाली चालतात. १ जानेवारी १९९६ रोजी जी परदेशी कलाकृती आपल्या मायदेशात संरक्षित होती, तिला अमेरिकेने त्या दिवसापासून संरक्षण बहाल केले, आणि २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. प्रसिद्ध झालेल्या चित्रासाठी हे संरक्षण प्रसिद्धीपासून ९५ वर्षांचे असते. १९२७ च्या महाडच्या काळातील किंवा १९३५ च्या येवल्याच्या काळातील भारतात काढलेली छायाचित्रे या जाळ्यात सापडत नाहीत, कारण १९९६ च्या आधीच त्यांची मुदत संपली होती. सीमारेषा साधारणतः १९४६ ची आहे. तिच्या अलीकडचे सारे, म्हणजे संविधान सभेची अखेरची वर्षे, कायदेमंत्रीपद, धर्मांतर, चैत्यभूमीवरील अंत्यसंस्कार, हे आपल्या इतिहासातील सर्वांत मोलाचे दशक नेमके संशयाच्या पट्ट्यात येते. नुसत्या या शंकेवरून चित्र वगळावे की नाही, याविषयी कॉमन्सच्या स्वयंसेवकांत बरीच वर्षे वाद झाला आहे. माझ्या मते नियम पाळणारे येथे खोटे नाहीत. परंतु नागपूरच्या मैदानावर एखाद्या स्थानिक छायाचित्रकाराने टिपलेल्या क्षणाला वॉशिंग्टनच्या कायद्याचे कुलूप लागावे, यातील विसंगती नमूद केल्यावाचून राहवत नाही.

पुतळ्यांचीही हीच तऱ्हा. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्यास भारतीय कायदा मोकळीक देतो, ब्रिटनचाही देतो. अमेरिकेचा कायदा इमारतींना ती देतो, शिल्पांना देत नाही. म्हणून गावच्या चौकातील पुतळ्याचे चित्र ज्ञानकोशात निर्धास्त राहते, आणि १४ ऑक्टोबर २०२३ रोजी मेरीलँडमध्ये अनावरण झालेल्या, राम सुतार यांनी घडवलेल्या १९ फुटी पुतळ्याच्या चित्राला शिल्पकाराची किंवा त्याच्या वारसांची परवानगी लागते.

वगळण्याची रीत जाणून घेणे अगत्याचे आहे. उघड उघड चोरलेले चित्र ताबडतोब काढले जाते. ज्याचा स्रोत किंवा परवानगी लिहिलेली नाही, त्यावर सूचना लावून सात दिवस वाट पाहतात. शंका असेल तेथे चर्चेचे पान उघडते, आणि साधारण सात दिवसांनंतर एखादा प्रचालक निर्णय देतो. प्रचालक हा पगारी अधिकारी नसून निवडलेला स्वयंसेवक असतो. या चर्चेत मतांची गर्दी मोजली जात नाही, पुरावा पाहिला जातो. पन्नास जणांनी 'हे आमच्या उद्धारकर्त्याचे चित्र आहे' असे लिहिले तरी त्याचा उपयोग होत नाही. एकाने छायाचित्रकाराचे नाव, वर्ष आणि चित्र प्रथम कोठे छापले ते लिहिले, तर होतो. आमच्या व्यवसायात ज्या क्ष-किरण चित्रावर रुग्णाचे नाव व तारीख नाही ते कितीही स्पष्ट असले तरी त्यावरून निदान करीत नाहीत, त्यातलाच हा प्रकार आहे. व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र तर जवळजवळ टिकतच नाही, कारण कॅमेऱ्याने नोंदलेली माहिती त्या प्रवासात गळून पडते आणि आकारही लहान होतो.

मात्र वगळलेले चित्र नष्ट होत नाही. ते प्रचालकांना दिसते, पुरावा आल्यास परत ठेवता येते. मुदत संपण्याचे वर्ष ठाऊक असेल तर त्या वर्षाच्या यादीत त्याची नोंदही करून ठेवतात. १९५६ साली प्रसिद्ध झालेले छायाचित्र अमेरिकी हिशेबाने २०५२ च्या पहिल्या दिवशी मुक्त होईल. आज आपल्या मंडळात पाळण्यात असलेली मुले तेव्हा तिशीच्या आसपास असतील.

तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. कुवेतच्या मराठी माणसाला छायाचित्र हरवणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. २ ऑगस्ट १९९० नंतर सुमारे १ लाख ७० हजार भारतीय अम्मानमार्गे मायदेशी परतले. घरातले अल्बम सोबत नेण्याची ती वेळ नव्हती. जे उरले, ते गावच्या पेटीत आहे. तेथे आजोबांचे दीक्षेचे छायाचित्र असेल, पहिल्या विहाराच्या पायाभरणीचे असेल, एखाद्या वसतिगृहाच्या मुलांचे असेल. या सुट्टीत गावी जाल तेव्हा ते उलटून पाहा. मागे छायाचित्रालयाचा शिक्का असेल, तर तोही टिपून घ्या. आई-वडिलांना विचारून कोण, कोठे, केव्हा, एवढे लिहून ठेवा. ते सांगणारी माणसे फार काळ राहणार नाहीत. छायाचित्रकाराचे वारस सापडले तर मुक्त वापराची परवानगी त्यांच्याकडूनच, त्यांच्याच ईमेलने विकिमीडियाच्या परवानगी विभागाकडे जाऊ द्या. ज्या चित्राचा छडा लागत नाही ते चढवू नका, जपून मात्र ठेवा.

आणि नवी छायाचित्रे स्वतः काढा. आपण स्वतः काढलेल्या चित्रावर कोणाचा आक्षेप सहसा टिकत नाही. आपल्या तालुक्यातील विहार, लेणी, जुनी वसतिगृहे यांपैकी कितीकांची चित्रे ज्ञानकोशात नाहीत. मूळ आकारात, तारीख व गाव लिहून चढवली तर एका सुट्टीत एक कुटुंब दहा चित्रे सहज देऊ शकेल. येथे कुवेतमध्ये मात्र अनोळखी माणसे चौकटीत येतील असे छायाचित्र त्यांच्या परवानगीवाचून काढू नये. तो कायद्याचाही प्रश्न आहे आणि सभ्यतेचाही.

पुढील अंकासाठी चित्रे पाठवताना प्रत्येकामागे वरील तीन गोष्टी पेन्सिलीने लिहाव्यात, शाईने नव्हे. शाई पाठीमागून उमटते.

— संपादक
रिग्गई, कुवेत