एमबीए-एचआर करताय? फी भरण्याआधी हे तपासा

हसनाबादसारख्या गावातून एमबीएला जाणाऱ्या अनेकांना एचआर म्हणजे मुलाखती आणि पगारपत्रक एवढंच वाटतं. ही समजूत आता महागात पडू शकते.

काय बदललं?
२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कामगार कायद्यांऐवजी ४ संहिता लागू झाल्या. पूर्वी ५०० कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक होतं. नव्या संहितेत ही मर्यादा २५० आहे.

विद्यार्थ्यांनी काय करावं?
जालन्यातल्या पोलाद कारखान्यांना पीएफ, ओव्हरटाइम, अपघात भरपाई हे सगळं समजणारा माणूस लागतो. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजला दोनच प्रश्न विचारा: नव्या संहिता शिकवता का? प्रोजेक्ट कारखान्यात करायला मिळतो का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरं कॉलेज बघा.